आबांच्या एकशे चौदा चाली

आबा रस्ता ओलांडायला रिक्षा करायचे. कारखान्याच्या फाटकासमोर हायवे आणि हायवेच्या पलीकडे चहाची टपरी. आबा अलीकडे रिक्षात बसायचे, रिक्षा पुढच्या चौकातून वळून पलीकडे यायची, आणि आबा टपरीसमोर उतरायचे. पाच मिनिटांच्या चहासाठी पंधरा मिनिटांचा प्रवास. मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. याच माणसाच्या हाताखाली मला काम करायचं होतं, आणि आमचं काम होतं रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना वाचवायचं.

आमचा कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत. लहानच आहे. मिनीबसच्या पुढच्या बंपरमागे बसवायचं रडार आम्ही बनवतो. गाडीपुढं माणूस आला की ते आधी शिट्टी वाजवतं, आणि ड्रायव्हरनं ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक लावतं. आता असं रडार बरोबर चालतं की नाही हे तपासायचं कसं? दरवेळी खरी गाडी आणि खरा माणूस घेऊन मैदानात जाता येत नाही. म्हणून एक डबा असतो. काळ्या फोमनं मढवलेल्या खोलीत रडारसमोर तो डबा ठेवायचा. रडार लहर सोडतं, डबा ती पकडतो, किंचित थांबवून आणि किंचित बदलून परत पाठवतो. रडारला वाटतं समोर कुणीतरी चालत येतंय. खोलीत तर चिटपाखरूही नसतं. आबा त्या डब्याला ‘बहुरूपी’ म्हणायचे. सांगाल ते सोंग घेतो, म्हणायचे, पण सोंग कुणाचं घ्यायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

आबा मूळचे दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विमानतळांवरची रडारं दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त होऊन धुळ्याला परतले, आणि पहिल्याच संध्याकाळी हायवेच्या चौकात दोन तास नुसते उभे राहिले. का, तर त्यांना पलीकडे जाताच येईना. “विमानं कशी शहाणी,” ते मला सांगत, “सांगितलेल्या रस्त्यानं येतात, सांगितलेल्या वेगानं येतात. इथं बाई अर्ध्यातून परत फिरते, कारण घराची किल्ली विसरली.” मग धुळ्याहून रोज जायला-यायला नको म्हणून त्यांनी जळगावात खोली घेतली आणि आमच्या शेठजींकडे लागले. बायको-मुलं धुळ्यालाच. शनिवारी एसटीनं जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे.

माझ्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. “घरापासून इथवर आलात, तर वाटेत गाडीला किती माणसं आडवी आली?”

मी म्हटलं, मोजली नाहीत.

“एखादं आठवतं?”

मला एकही आठवेना. मी फैजपूरचा, शिक्षण पुण्यात झालेलं, रडारच्या गणितात चांगल्या गुणांनी पास झालेला माणूस. इतक्या खुळ्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून राग आला. तरी त्यांनी मला घेतलं. का घेतलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची छाती नाही.

त्यांच्याकडे एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, लांबट. रोज सकाळी सात ते आठ टपरीवर बसून ते हातात स्टॉपवॉच घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं टिपायचे. नावं नाहीत, फक्त चाली. ‘तीन पावलं, थांबला, गाडी पाहून मागं एक, मग धूम.’ ‘डोक्यावर भारा, मान वळत नाही, सरळ रेषेत, वेग बदलत नाही.’ ‘मोबाईलवर बोलत मधोमध आला, भांडण लागलं, जागच्या जागी एक गिरकी.’ अशी एकेक चाल घेऊन ते कारखान्यात यायचे आणि बहुरूप्याला शिकवायचे. आमची पहिली खेप जायच्या सुमारास एकशे चौदा चाली झाल्या होत्या. शेठजींशी भांडून आबांनी नियमच करून घेतला होता की मालाच्या प्रत्येक खेपेआधी रडारचा नमुना या सगळ्या चालींतून गेला पाहिजे. मिनीबस बनवणारं पुण्याचं गिऱ्हाईक तर पाचच चाचण्या मागायचं, आणि त्या पाचांतला माणूस शाळेच्या कवायतीतल्यासारखा एका लयीत चालायचा.

चाल डब्यात भरायच्या आधी आबा ती स्वतः चालून पाहायचे. कारखान्याच्या लांब व्हरांड्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, अंगात स्वेटर. तपासणीच्या खोलीत एसी असायचा आणि स्वेटर काढघाल करायचा त्यांना कंटाळा. डोक्यावर फायलींचा गठ्ठा घेऊन ते भारा उचललेल्या बाईसारखे चालायचे. एकदा पुण्याहून गिऱ्हाइकाचे दोन साहेब आले, तेव्हा आबा कमरेत वाकून, एक हात मागं ताणून, पुढं ओढ खात चालले होते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

“शेळीवाला,” आबांनी खुलासा केला. “माणूस पार होतो, शेळी रस्त्यातच बसते. दोघांत दोरी. तुमचं यंत्र माणूस गेला की मोकळं होतं. शेळीचं काय?”

त्यातला एक साहेब हसून म्हणाला, “आबा, आपण शेळ्यांसाठी गाड्या थांबवतो का?”

“दोरी माणसाच्या मनगटाला बांधलेली असते,” आबा म्हणाले, आणि पुन्हा ओढ खात पुढं गेले.

मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं आपला वरिष्ठ अधिकारी शेळी ओढतोय. मी मनाशी ठरवून टाकलं की म्हातारा अर्धवट आहे. खरं सांगायचं तर मला तसं ठरवणं सोयीचंही होतं.

सोयीचं अशासाठी, की एकशे चौदांपैकी सात चालींत रडार नापास होत होतं, आणि त्या रडारचा प्रोग्राम माझा होता. दोष एकच होता. रडारला खांब, दुभाजक, पाट्या, झाडं सगळंच दिसतं. ही सगळी थांबलेली असतात, त्यांना पाहून गाडी थांबायला लागली तर दर दहा पावलांवर ब्रेक लागेल. म्हणून प्रोग्राममध्ये लिहायचं, की हलणारं तेवढं धर आणि थांबलेलं सोड. चालता माणूस मध्येच थांबला तर माझा प्रोग्राम त्याला दीड सेकंद लक्षात ठेवायचा. नंतर खांब समजून सोडून द्यायचा. ही दीड सेकंदांची आठवण वाढवली की रडार भलत्याच वेळी शिट्ट्या मारायचं. महिनाभर खटपट करून माझ्या नाकी नऊ आले होते.

तेवढ्यात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेले, पंधरा दिवस. पहिली खेप, चाळीस नगांची, त्याच आठवड्यात जायची होती. मी त्या सात चाली पुन्हा वाचल्या. भररस्त्यात गिरकी घेणारा. शेळी. दोन बाजूंनी येऊन मधोमध भेटणाऱ्या आणि तिथंच बोलत उभ्या राहणाऱ्या दोन बायका. सांडलेले कांदे गोळा करायला बसणारा. हात दाखवून गाडीसमोर उभा राहणारा. पाठीवरचं पोतं खाली टेकवून दम खाणारा. आणि एकाहत्तर नंबरची, रस्त्यात चपला काढून चार सेकंद उभी राहणारी बाई. मी लाल पेन घेतलं आणि सातही चालींसमोर एकच शब्द लिहिला, ‘अवास्तव’. एकाहत्तरसमोर तर शेरासुद्धा मारला: ‘हायवेवर कोणी चपला काढत नाही.’ मग कागदावर लिहिलं, ‘घरच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण’, सही केली, आणि चाळीस नग गेले, आठवड्याभरात गाड्यांना बसलेही.

मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. पुढं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो की शेठजींची घाई होती. शेठजींनी चौकशीसुद्धा केली नव्हती.

आबा काळा चष्मा लावून परत आले. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो दोनदा वाचला. एरवी ते ऑफिसात आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे. मनाला लागलं की अहिराणी यायची.

“बठ्ठा पास?”

“हो आबा.”

“सात चाली कोठे गयात?”

मी तयारीत होतो. म्हटलं, आबा, अशा चाली प्रत्यक्षात नसतात. एखादा वेडा कधी तरी करत असेल. वेड्यांसाठी यंत्र बनवायचं म्हटलं तर गाडी गॅरेजातून बाहेरच काढायला नको. मी बराच वेळ बोललो, आकडेही फेकले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि वहीत ठेवली.

“सकायमा सातले टपरीवर ये,” एवढंच म्हणाले.

सकाळी गेलो. आबा बाकावर, शेजारी वही, हातात स्टॉपवॉच. मी चहा घेतला. हायवेवर केळीचे ट्रक, एसट्या, कंपन्यांच्या मिनीबस, सगळं भरधाव. मी मनात म्हणत होतो, आता हा म्हातारा मला तासभर गर्दी दाखवणार. दहा मिनिटं गेली. मग आबांनी बोट दाखवलं.

आमच्या कॉलनीच्या बाजूनं एक बाई रस्त्यात उतरली. हिरवट लुगडं, हातात दुधाची किटली. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, चालू लागली. दुभाजक यायच्या दोन पावलं आधी, सगळ्यात वेगवान गाड्यांच्या वाटेत, ती थांबली. किटली मनगटात अडकवली. पायांतल्या चपला काढल्या आणि टपरीमागच्या लिंबाच्या दिशेनं हात जोडले. त्या लिंबाखाली मारुती आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्यापुढं मोठी पाटी आली, आता पलीकडच्या बाजूनं त्याचा झेंडा त्या एकाच जागेवरून दिसतो. एक मिनीबस कर्कश हॉर्न देत तिच्या पदराजवळून वळून गेली. बाईनं डोळे उघडले नाहीत.

मी उठलो. माझा चहा सांडला. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि दुसऱ्या हातानं स्टॉपवॉच बंद केलं.

“चार. काल साडेतीन व्हतं.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “एकाहत्तर नंबर. तुनी माय शे.”

ती माझी आईच होती. दीड वर्ष ती माझ्याजवळ जळगावात राहत होती, आणि रोज सकाळी मी अंघोळीला जायचो तेव्हा पलीकडच्या डेअरीतून दूध आणायची. ते दूध मी रोज पीत होतो. ती रस्ता कसा ओलांडते हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. आई चपला घालून, दुभाजकाच्या फटीतून सावकाश अलीकडे आली, डेअरीकडं वळली. आम्ही तिला दिसलो नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“चाल लिखी तवय नही.” ते थांबून थांबून बोलत होते. चाल वहीत लिहून वर्ष झालं होतं. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी सगळ्यांच्या घरची माणसं कारखान्यात आली, तेव्हा त्यांनी आईला फाटकातून येताना लांबून पाहिलं. चेहरा ओळखीचा नव्हता. चाल ओळखीची होती.

“मग मला सांगितलं का नाही?”

आबांनी चष्मा काढून पुसला. डोळा अजून लाल होता. “सांगतू तर तू तुन्या मायसाठे करता. बाकी सहा जनंसना कोन करता?”

मी संतापलो. इतका संतापलो की त्यांना वाटेल ते बोललो. माझी आई रोज मरणाच्या तोंडात उभी राहते आणि तुम्ही तिथं बसून सेकंद मोजता, असं म्हणालो. आबा म्हणाले, त्यांनी तिला दोनदा सांगून पाहिलं होतं, ती ‘बरं भाऊ’ म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा थांबली. माणसाला शिकवणं आपल्या हातात नाही, यंत्राला शिकवणं आहे, असं काहीसं ते म्हणाले. मी पुढचं ऐकलं नाही.

घरी जाऊन आईला विचारलं, रस्त्यात चपला का काढतेस? मी मोठा झालोय की अजून लहानच आहे, अशा नजरेनं ती माझ्याकडं पाहत राहिली.

“मग काय चपला घालून हात जोडू?” म्हणाली, आणि माझ्यापुढं चहा ठेवला.

ती थांबणार होती आणि थांबतच राहणार होती. मी चाळीस गाड्या रस्त्यावर सोडल्या होत्या, ज्यांच्या लेखी ती दीड सेकंदानंतर खांब होती. त्यातली एखादी त्या हायवेवरून जात असेल. दुसरी एखादी धुळ्याला, तिसरी बोदवडला, आणि तिथंही कुणाची तरी आई कशासाठी तरी थांबत असेल. मी तसाच शेठजींकडं गेलो.

शेठजी म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या जैन कुटुंबातले. आजोबांचं धान्याचं दुकान होतं. मी खरं ते सगळं सांगितलं, लाल पेनासकट. नोकरी जाणार हे गृहीत धरलं होतं. त्यांनी शेवटी एकच विचारलं.

“तुमच्या मातोश्री अजून तिथूनच जातात?”

“हो.”

“मग सगळ्या गाड्या नीट करून या. आबांना सोबत न्या.”

बस्स. ज्या माणसाच्या घाईचा मी बहाणा करत होतो, त्यानं अर्ध्या मिनिटात निकाल दिला. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मी आणि आबा दोन महिने चुकांमागून चुका सुधारत बसलो. यंत्रानं थांबलेल्या माणसाला सोडू नये, तो थांबला होता की खांबच होता हे आधीच्या पावलांवरून ओळखावं, हे आबांनीच सुचवलं. शेळी सगळ्यात शेवटी पास झाली. मग आम्ही गाड्या शोधत फिरलो. एसटीनं, मांडीवर लॅपटॉप घेऊन. कुठं पेट्रोल पंपावर, कुठं सूतगिरणीच्या आवारात, गाडी थांबवायची, बंपरखाली वाकायचं, नवा प्रोग्राम भरायचा. ड्रायव्हर विचारायचे, काय बिघडलंय? मी म्हणायचो, काही नाही, नेहमीची तपासणी. आबा लगेच म्हणायचे, “बिघडेल व्हतं. त्यानं बिघाडं, आते तोच नीट करी ऱ्हायना.” आणि माझ्याकडं बोट दाखवायचे. पहिल्या दहा गाड्यांना मला लाज वाटली. नंतर मी स्वतःच तसं सांगायला लागलो.

एकोणचाळीस झाल्या. चाळिसावी मालकानं विकली होती. विकत घेणाऱ्यानं पुढं विकली, आणि त्यापुढचा माणूस सापडला नाही. पांढरी मिनीबस, बाकी काही माहीत नाही. आमच्या भागात पांढऱ्या मिनीबस किती असतील ते तुम्हीच बघा. आबा म्हणाले, शोधत राहा. नंतर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी त्यांना नीट दिसेना, आणि ते कायमचे धुळ्याला गेले. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. निरोप वगैरे काही घेतला नाही, सोमवारी आले नाहीत, एवढंच.

आता सकाळी सात ते आठ टपरीवर मी बसतो. आईला रस्ता मीच ओलांडून देतो, ती थांबते तेव्हा मी तिच्यापुढं गाड्यांच्या बाजूला उभा राहतो. ती दूध घेऊन घरी गेली की मी बाकावर बसून वही उघडतो.

गेल्या आठवड्यात एक म्हातारा सायकल हातात धरून रस्त्यात उतरला. मधोमध आला आणि चेन पडली. त्यानं सायकल स्टँडला लावली, तिथंच उकिडवा बसला आणि चेन चढवायला लागला. वहीत ही चाल नव्हती. मी पेन काढलं, आणि तेवढ्यात चौकाकडून एक पांढरी मिनीबस आली. वेगात. मी उभा राहिलो. माझं लक्ष तिच्या बंपरवर. तिथं आमचं रडार आहे का, काळी चौकोनी पट्टी दिसते का, नंबर काय, शिट्टी वाजते का. ब्रेकचा आवाज झाला की टायर घासल्याचा, ते कळलं नाही. बस टपरीसमोरून निघून गेली. मला नंबराचे शेवटचे दोनच आकडे मिळाले. मी ते तळहातावर लिहिले, आणि तिथूनच आबांना फोन लावला.

“आबा, चाळिसावी दिसली बहुतेक. पांढरी. शेवटचे दोन आकडे मिळालेत. समोर म्हातारा होता, सायकलची चेन चढवत बसलेला. नवीन चाल आहे, आपल्याकडं नाही.”

“किती सेकंद बठेल व्हता?”

मी सेकंद मोजलेच नव्हते.

मग आबांनी विचारलं, “तो मानूस पार गया का?”

फोन कानाला तसाच होता. मी मान वर करून रस्त्याकडं पाहिलं. बस दिसल्यापासून मी त्या माणसाकडं पाहिलंच नव्हतं.